फूल पडेपर्यंत

माझ्या उमेदीतले कितीतरी रविवार मी एका झुडपाशेजारी बसून वाया घालवले. झुडपाखाली उपरणं पसरलेलं असायचं, कडेला काळी टोपी घातलेला एक सडपातळ गृहस्थ मांडी घालून बसलेला असायचा, आणि आम्ही दोघं एक फूल पडायची वाट पाहत असू. फूल तोडायचं नाही, फांदी हलवायची नाही. वारा आला तर उत्तम, नाही आला तर बसायचं. मी रसायनशास्त्र शिकवणारा माणूस. माझ्या विषयात नळीत दोन गोष्टी ओतल्या की लगेच काहीतरी होतं, निदान वास तरी सुटतो. इथं दुपार कलली तरी काही व्हायचं नाही. नुसतं बसून माणूस किती दमतो, ते मला त्या रविवारांनी शिकवलं.

एकदा येळ्ळूरच्या डोंगरावर आम्ही असेच बसलो होतो. गवताचा भारा घेऊन एक बाई उतरत होती. तिनं उपरण्याकडं पाहिलं, मग आमच्याकडं.

"काय हरवलंय काय वो?"

"हरवलं न्हाय, आक्का," ते शांतपणे म्हणाले. "पडायचं हाय अजून."

"काय?"

"फूल."

बाईनं भारा सावरला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "ह्यास्नी घरला न्या. ऊन लागलंय."

हे गृहस्थ आमच्या बेळगावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. युद्ध सुरू व्हायच्या आधीपासून ते पार इंग्रज जाईपर्यंत डेमॉन्स्ट्रेटरच होते. सगळे त्यांना आण्णा म्हणत. अनगोळात एकाच घराच्या दोन बाजूंना आम्ही भाड्यानं राहत होतो, मधे एक भिंत आणि एक सामाईक अंगण. लग्न त्यांनी केलं नव्हतं. माझ्या बायकोला त्यांची दया यायची आणि रागही यायचा, कारण कांदा-लसूण-बटाटा-वांगं काहीच न खाणाऱ्या माणसाला जेवायला बोलावणं म्हणजे परीक्षाच होती.

त्यांचं काम म्हणजे मुलांना फुलांची कुळं ओळखायला शिकवणं. पाकळ्या सुट्या की जोडलेल्या, पुंकेसर कसे, बीजकोश पाकळ्यांच्या वर की खाली, एवढं पाहिलं की फुलाचं कूळ कळतं, कुळात शिरलं की प्रजाती कळते, आणि प्रजातीतून शेवटी नेमकी जात. पण एवढं पाहायचं तर फूल तोडायला हवं आणि चिरायला हवं. आणि आण्णा फूल तोडत नसत.

ते निपाणीच्या जैन घरातले. घरची तंबाखूची वखार, भाऊ त्याच धंद्यात. याला मात्र लहानपणापासून झाडांचं वेड. शिकायला बाहेर जायचं म्हणाला तेव्हा आईनं, म्हणजे आव्वानं, एका अटीवर सोडलं. झाडांचं शिक, पण आपल्या हातानं फूल तोडायचं नाही आणि मूळ उपटायचं नाही. यानं वचन दिलं. सतरा-अठरा वर्षांच्या पोरानं दिलेलं वचन ते. दुसरा कुणी असता तर पुण्याला पोचायच्या आत विसरला असता. मी एकदा विचारलं, "आण्णा, तुमचा स्वतःचा विश्वास आहे का यावर?" ते म्हणाले, "मला न्हाय कळत, मास्तर. पण आव्वाला कबूल केलंय."

तर आण्णांच्या तासाला मुलांच्या पुढ्यात यायची ती पडलेली फुलं. सकाळी कॉलेजच्या आवारात हा माणूस वाकून फुलं वेचताना दिसे. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटे, पूजेसाठी वेचतोय. पांगाऱ्याची, सावरीची, शेवग्याची, आणि सगळ्यांत जास्त बकुळीची, कारण बकूळ दारातच होती.

या बकुळीनंच एकदा घात केला. प्रात्यक्षिक परीक्षेला दर फाल्गुनात पुण्याहून एक परीक्षक येत. साहेबी टोपी, तोंडात पाईप, पण माणूस मनानं चांगला होता. त्यांनी बकूळ काढायला सांगितली. मुलांनी मन लावून चित्रं काढली, आणि एकूण एक चित्रात फुलाच्या मधोमध भोक.

"बीजकोश कुठाय?" साहेबांनी एकाला विचारलं.

"सर, तो झाडावर राहतो," मुलगा आत्मविश्वासानं म्हणाला.

मुलाचं खोटं नव्हतं. बकुळीचं फूल पडतं ते नुसतं पाकळ्यांचं कडं पडतं. ज्यावरून कूळ ठरवायचं तोच भाग मागं फांदीवर राहतो. आमच्या मुलांनी अख्खी बकूळ कधी पाहिलीच नव्हती. साहेब इतके हसले की पाईप विझला. आण्णा हसले नाहीत. संध्याकाळी अंगणात म्हणाले, "त्याचं बरोबर हाय, मास्तर. मी पोरास्नी अर्धंच फूल शिकवतोय." मग त्यांनी एक नवीनच उद्योग काढला. ज्या फुलाला फळ धरायचं नसतं ते पुष्कळदा देठासकट गळतं, बीजकोश घेऊन. तसंच फूल मिळवायचं. म्हणजे उपरणं पसरायचं आणि बसायचं. माझे रविवार गेले ते तिथून.

त्यांच्याबरोबर जेवायला बसणं हाही एक तासच असायचा. माझ्या पानातल्या वांग्याकडं ते नातलगाकडं पाहावं तसं पाहत. "वांगं, टोमॅटो, मिरची, बटाटा, धोतरा आणि आमच्या घरची तंबाखू, सगळी एका कुळातली भावंडं," असं सांगून ते स्वतः ताक-भाकरी खात. हेच त्यांनी एकदा निपाणीत, वखारीत गिऱ्हाईक बसलेलं असताना, वडिलांना सांगितलं होतं. वडील म्हणाले, "आरं, मग वांगी वढून बघ जा की!" वडील वारल्यावरही हे वाक्य आण्णा प्रेमानं सांगत. आपल्या शास्त्रावर घरच्यांनी दिलेला तेवढा एकच अभिप्राय त्यांच्यापाशी होता.

आता त्या झाडाबद्दल सांगतो.

येळ्ळूरच्या डोंगरउतारावर, गवतात, श्रावणाच्या सुमाराला आण्णांना एक नाजूक रोप दिसलं. त्याला लहानशा कंदिलासारखं फूल होतं. तसली फुलं आमच्याकडं डोंगरावर असतात. गुराखी त्यांना खरपुडी म्हणतात आणि कंद उकरून कच्चेच खातात. पण हे फूल आण्णांना निराळं वाटलं. त्याच्या मानेत आतून केस असतात, ते खाली वळलेले. माशी आत शिरते, बाहेर पडता येत नाही. फूल सुकायला लागलं की केस मऊ पडतात आणि माशी निघून जाते. "बघा," आण्णा म्हणाले, "कैदेत ठेवतं, पण मारत न्हाय." मी इतका कंटाळलो होतो की माशीचा मला हेवा वाटला.

ते गळालेलं फूल त्यांनी स्पिरिटच्या बाटलीत घालून ठेवलं आणि फाल्गुनात साहेबांना दाखवलं. साहेब गंभीर झाले. भिंगातून पुन्हा पुन्हा पाहून म्हणाले, "कूळ रुईचं, प्रजातीही ठरलेली आहे. पण जात नवी असू शकेल. अख्खं रोप पाहिजे. पान, शेंग आणि कंद, वाळवून कागदावर चिकटवलेलं. त्याशिवाय मला काही म्हणता येणार नाही."

बातमी प्रिन्सिपॉलांच्या कानावर गेली. त्यांना लेक्चररची एक जागा भरायची होती, आणि फुलं न तोडणारा वनस्पतिशास्त्रज्ञ त्या जागेवर कसा बसवायचा हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी आण्णांना बोलावून सांगितलं, "जात नवी ठरली तर जागा तुमची. नाही तर मला बाहेरचा माणूस घ्यावा लागेल, आणि मग डेमॉन्स्ट्रेटरचंही मी काही सांगत नाही."

म्हणजे सगळं त्या कंदापाशी येऊन थांबलं. मी सरळ म्हणालो, "आण्णा, मी उपटतो. वचन तुमचं आहे, माझं नाही."

"तुम्ही उपटलं तरी माझ्यासाठीच की, मास्तर. मग हात कुणाचा, ह्याला काय अर्थ?"

दसरा-दिवाळीच्या मधे रोपाची शेंग आपणहून फुटली तेव्हा त्यांनी कापसासारखं उडणारं बी उपरण्यात धरलं. रॉकेलच्या डब्याची एक बाजू कापून तिथं जुन्या तसबिरीची काच बसवली, काचेवर काळं कापड लावलं, आणि आत माती घालून बी पेरलं. उगवलं ते एकच. कंद वाढला की काचेला टेकेल, कापड उचलून बघता येईल, चित्र काढता येईल, उपटायला नको, असा हिशेब. कंद खरंच काचेला टेकला! एवढ्या वर्षांत आण्णांना मी नाचताना एकदाच पाहिलं, ते त्या सकाळी अंगणात. तोवर डोंगरावरचं मूळ रोप साळिंदरानं उकरून खाल्लं होतं. जे होतं ते आता डब्यात होतं.

साहेबांनी ते चित्र पाहिलं, वाखाणलं, आणि सुस्कारा टाकून म्हणाले, "चित्र नको हो. कंद हवा. पुढच्या वेळेपर्यंत द्या. त्यापुढं माझ्याही हातात काही राहणार नाही."

निपाणीची दोन-तीन मुलं दर वर्षी आमच्या वर्गात असत, आणि वर्गात कुणी शिंकलं तरी चार दिवसांत निपाणीच्या बाजारात कळे. श्रावणात एका सकाळी आव्वा दारात उभी राहिली. ठेंगणी, पांढरं लुगडं, हातात पितळी तांब्या, कारण बाहेरचं पाणी ती पीत नसे. चातुर्मासात ती गाव सोडत नसे, हे मला ठाऊक होतं. आण्णा तर तिला पाहून उठून उभेच राहिले.

"तुझी नोकरी जाणार म्हणं?"

"तसं काय न्हाय, आव्वा."

"कुठलं झाड ते?"

आण्णांनी डबा दाखवला. रोपाला दोन कंदील लागले होते, शेजारी दोन कोवळ्या शेंगा. आव्वा डब्यापाशी बसली. तिनं पानाला बोट लावलं, कापड उचलून काचेतून कंद पाहिला. मग हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. आम्हाला वाटलं, नमस्कार करते आहे. तिनं दोन्ही हात मातीत घातले आणि ते रोप मुळासकट बाहेर काढलं.

"आव्वा!" आण्णा ओरडले.

"तू दिल्यालं वचन तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "तू काय उपटलं न्हाईस. माझं माझ्या माथी, मी बघीन. हे घे, पाठव."

मला त्यांनी जे सांगितलं होतं, हात कुणाचा याला काय अर्थ, ते त्यांना आईला सांगता आलं नाही. कुणाला आलं असतं? मातीनं भरलेल्या हातांनी ती ते पुढं धरून बसली होती. त्यांनी ते रोप घेतलं, ओंजळीत पाणी घेऊन कंद धुतला, आणि टिपकागदात घालून त्यावर पाट ठेवला. दुपारच्याच मोटारीनं आव्वा परत गेली. आमच्या घरी ती पाणीदेखील प्याली नाही.

फाल्गुनात साहेब आले. कागद बराच वेळ पाहिला. शेजारी त्यांनी पुण्याहून आणलेलं जाडजूड पुस्तक होतं. स्टाफरूममध्ये आम्ही तिघंच होतो. शेवटी त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"जुनीच आहे," ते म्हणाले. "खाली दक्षिणेत पुष्कळ सापडते. फुलावरून मी फसलो. शेंग आणि कंद पाहिल्यावर शंका नाही. मला फार वाईट वाटतं."

आण्णांनी मान हलवली. "कूळ तरी बरोबर होतं न्हवं?" एवढंच त्यांनी विचारलं.

जागा धारवाडच्या एका तरुणाला मिळाली. प्रिन्सिपॉलांनाही कुणाला काढायचा उत्साह उरला नव्हता, त्यामुळे आण्णा डेमॉन्स्ट्रेटरच राहिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते म्हणाले, "मास्तर, निपाणीला चला. आव्वाला खरं काय ते सांगायचंय. एकट्याला जमंल असं वाटत न्हाय." मी गेलो. गावात शिरण्याआधीच तंबाखूचा वास आला, आणि आण्णा मोटारीच्या खिडकीतून एखादं वाईट काम करायला निघाल्यासारखे बघत होते.

जेवायला आम्हा सगळ्यांच्या पानांत दोडक्याची भाजी होती. समोर आव्वा बसली होती, तिच्या पानात भाकरी, डाळ, ताक. आण्णांनी विचारलं, "भाजी न्हाय घेतलीस?" वाढणारी भावजय म्हणाली, "हिरवं सोडलंय त्यांनी. त्या झाडापास्नं. भाजी न्हाय, फळ न्हाय. जल्मभर."

आव्वानं विषय बदलला. "काय झालं रं त्या झाडाचं? साहेब काय म्हणाला?"

आण्णा तिच्या पानाकडं बघत राहिले. मला वाटलं, आता सांगतील. कारण हा माणूस खोटं बोलत नसे. चुकून जास्त दिलेला मार्कसुद्धा दुसऱ्या दिवशी मुलाला सांगून कापणारा.

"नवं निघालं, आव्वा," ते म्हणाले. "कुणालाच ठावं नव्हतं. त्याला तुझं नाव दिलंय. माझी जागापण पक्की झाली."

आव्वानं हातातली भाकरी खाली ठेवली.

"माझं नाव कशाला? मी तर त्याचा जीव घेतला." स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाली, "असू दे. नावानं तरी ऱ्हाईल." आणि मग माझ्याकडं वळून, "खरं का वो, मास्तर?"

"खरं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? परतताना आम्ही दोघंही मोटारीत झोपेचं सोंग घेऊन बसलो.

पण खोटं बोलण्याची सवय नसलेल्या माणसाला ते निभवायचं कसं हेही ठाऊक नसतं. मी आयुष्यभर थोडंथोडं बोलत आलो, मला माहीत आहे. एकदा बोलावं आणि गप्प राहावं. आण्णांनी ते खोटं सांभाळायला घेतलं. वर्गात निपाणीची मुलं होतीच. त्यांच्यापुढं झाडाचं पुस्तकातलं नाव घेतलं तर चार दिवसांत ते आव्वाच्या उंबऱ्यावर जाणार. म्हणून आण्णांनी फळ्यावर कूळ खरं लिहिलं, प्रजाती खरी लिहिली, आणि पुढं जातीच्या जागी आव्वाच्या नावावरून घडवलेलं एक लॅटिन नाव लिहिलं. मुलांनी पाठ केलं.

परीक्षेला साहेबांनी बाटलीतलं फूल पुढं ठेवलं, आणि पहिल्या मुलानं ते नाव सांगितलं. दुसऱ्यानंही सांगितलं. तिसऱ्यापाशी साहेब थांबले आणि आण्णांना म्हणाले, "हे काय शिकवलंत?"

"बरोबर हाय, साहेब," आण्णा म्हणाले. कपाळावर घाम होता. "पुस्तक चुकलंय."

साहेबांनी मला बाहेर नेऊन विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. त्यांनी पाईप पेटवला नाही, नुसता हातात फिरवला. मार्क त्यांनी कापलेच. कापायला हवेच होते. पण त्यानंतर ते येत राहिले तोवर त्यांनी ती बाटली कधी मागितली नाही.

आव्वा गेली ती देश स्वतंत्र व्हायच्या थोडं आधी. शेवटपर्यंत तिनं हिरवं तोंडात घातलं नाही. भावजय सांगत होती की शेजारीपाजारी कुणी आपल्या लेकांचं कौतुक केलं की आव्वा म्हणायची, माझ्या नावाचं एक झाड हाय. आण्णा निपाणीहून आले, आणि जुलैत कॉलेज उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर त्या झाडाचं पुस्तकातलं नाव लिहिलं. मी शेजारच्या प्रयोगशाळेत होतो, मधलं दार उघडं होतं. नापास होऊन मागं राहिलेला एक मुलगा उठला.

"सर, मागल्या वर्षी नाव दुसरं होतं."

"व्हय," आण्णा म्हणाले. "ते खोडा. हे लिहून घ्या."

त्यांनी खडू ठेवला आणि हात झटकले. मुलं लिहीत होती, आणि आण्णा खिडकीतून बकुळीकडं बघत होते.

त्या रविवारी त्यांनी मला हाक मारली. मी कुरकुरत छत्री घेतली. अनगोळच्या वाटेवर एका कुंपणाशी जास्वंद होती, पावसानं धुतलेली, लालभडक. आण्णांनी तिच्याखालच्या ओल्या गवतावर उपरणं पसरलं आणि बसले. माझे गुडघे दुखत होते. फूल हाताच्या अंतरावर होतं. इतक्या वर्षांचा शीण माझ्या तोंडून बाहेर पडला.

"आण्णा, बास झालं आता. ज्यांना शब्द दिला त्या गेल्या. तुम्ही मोकळे झालात. तोडा ते फूल आणि घरी चला."

त्यांनी वर पाहिलं. फुलाकडं हात नेला, देठाला बोटं लावली. मग त्यांनी हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला.

"तोडलं असतं, मास्तर," ते म्हणाले. "पण आता इचारायचं कुणाला?"

मी छत्री उघडली, दोघांच्या डोक्यावर धरली, आणि त्यांच्या शेजारी खाली बसलो.